व्हिसा जानेवारीपर्यंत, निमंत्रणाचा पत्ता नाही

पत्राचा सारांश: नौपाड्यात वाढलेल्या आणि गेली साडेचार वर्षे मेलबर्नमध्ये राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. वय ३२. स्थापत्य अभियंता म्हणून ठाण्यात चार वर्षे नोकरी केल्यानंतर त्यांनी तिकडे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेतली. सध्या त्या ४८५ क्रमांकाच्या तात्पुरत्या पदवीधर व्हिसावर आहेत आणि सव्वादोन वर्षे एकाच कंपनीत काम करत आहेत. हा व्हिसा येत्या जानेवारीअखेर संपतो. कुशल स्थलांतराच्या कायमस्वरूपी व्हिसासाठी त्यांनी गेल्या वर्षी ईओआय, म्हणजे इच्छानोंदणी, भरली. वय, शिक्षण, इंग्रजी, अनुभव अशा निकषांवर त्यांचे ८० गुण होतात, पण व्हिसाचा अर्ज करण्याचे निमंत्रण आलेले नाही. नोव्हेंबरअखेर वयाची ३३ वर्षे पूर्ण झाली की ५ गुण कमी होतील. महाविद्यालयापासूनच्या मित्राशी लग्न ठरल्यात जमा आहे. तो ऐरोलीला आयटी कंपनीत नोकरी करतो. विवाहिता झाल्यास आणखी १० गुण जातील म्हणून त्या लग्न पुढे ढकलत आहेत, तर घरचे म्हणतात की नोंदणी विवाह उरकून घ्या, तिकडे सांगायचे कशाला. सप्टेंबरमध्ये वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे. ‘देश सोडला आणि नेमके काही बिघडले तर?’ या धास्तीने त्या अडीच वर्षे घरी आलेल्या नाहीत. शैक्षणिक कर्जात वडील सहकर्जदार आहेत. मैत्रिणी सुचवतात की आणखी एखादा डिप्लोमा घे आणि तेवढी वर्षे काढ. त्या लिहितात, ‘आता मी फक्त वाट पाहू शकते. परत यावे लागले तर साडेचार वर्षे पाण्यात जातील आणि आईबाबांना तोंड कसे दाखवू, हे कळत नाही.’

उत्तर:

तुमच्या पत्रात पाच तारखा आहेत. व्हिसाची अखेर, तुमचा वाढदिवस, बाबांची शस्त्रक्रिया, लग्न आणि निमंत्रणाची पुढची फेरी. यांपैकी पहिल्या तीन निश्चित आहेत, चौथी तुम्ही दोघांनी ठरवायची आहे, आणि पाचवी कोणालाही ठाऊक नाही. तुम्ही मात्र त्या पाचवीलाच मधोमध ठेवून बाकीच्या चारही तिला बांधून टाकल्या आहेत. मला वाटते, तुमच्या मनावरचा भार मुख्यतः या बांधणीचा आहे. म्हणून आपण एकेक गाठ सोडवून पाहू.

प्रथम ईओआयविषयी, कारण असे पत्र लिहिणाऱ्या बहुतेक वाचकांचा इथे थोडा गोंधळ झालेला असतो. ईओआय म्हणजे व्हिसाचा अर्ज नव्हे. ती दोन वर्षे जिवंत राहणारी एक नोंद आहे. तिच्यामुळे ऑस्ट्रेलियात एक दिवसही जास्त राहण्याचा हक्क मिळत नाही, की ब्रिजिंग व्हिसाही, म्हणजे अर्जाचा निर्णय लागेपर्यंत राहू देणारा तात्पुरता व्हिसा, मिळत नाही. किमान ६५ गुण असले की नोंद करता येते, मात्र निमंत्रणे वरच्या गुणांपासून दिली जातात आणि गुण सारखे असतील तर ज्याने ते आधी गाठले त्याचा क्रम आधी लागतो. सबक्लास १८९च्या, म्हणजे कोणाच्याही नामांकनाविना मिळणाऱ्या कायमस्वरूपी कुशल व्हिसाच्या, निमंत्रण-फेऱ्या दर महिन्याला होत नाहीत. २०२४-२५ या कार्यक्रम वर्षात (जुलै ते जून) त्या ५ सप्टेंबर आणि ७ नोव्हेंबरला झाल्या, तर २०२५-२६ मध्ये २१ ऑगस्ट आणि १३ नोव्हेंबरला. या तारखांवरून यंदाचे भाकीत करू नये, परंतु एवढे नक्की घ्यावे की जे काही गुण वाढवायचे ते ऑगस्टपूर्वी, निदान नोव्हेंबरपूर्वी वाढलेले असावेत. व्हिसाची मुदत जानेवारीपर्यंत असली तरी तुमच्या हातातला कामाचा काळ त्याहून बराच लहान आहे, आणि तुम्ही तो वाट पाहण्यात घालवत आहात.

निमंत्रण आले तर अर्ज करण्यास ६० दिवस मिळतात आणि ही मुदत वाढवून मिळत नाही. तुमच्या बाबतीत एक बारकावा आहे. समजा निमंत्रण जानेवारीच्या दहा तारखेला आले, तर ६० दिवस मार्चपर्यंत जातात, पण तुमचा व्हिसा जानेवारीतच संपतो. तुम्ही ऑस्ट्रेलियात असताना आणि ४८५ चालू असतानाच अर्ज दाखल केलात, तर तुम्हाला ब्रिजिंग व्हिसा ए मिळतो, तो ४८५ संपताच लागू होतो आणि निर्णय लागेपर्यंत तिथे राहून काम करता येते. म्हणजे तुमच्यासाठी खरी मुदत ६० दिवसांची नसून व्हिसाच्या शेवटच्या दिवसाची आहे. त्यामुळे निमंत्रण आल्यावर कागद गोळा करू, असे म्हणून चालणार नाही. ऑस्ट्रेलियन फेडरल पोलिसांचा दाखला, भारतातील पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, ठाण्याच्या जुन्या कंपनीचे कामाच्या स्वरूपासह अनुभवपत्र, पगारपत्रके, पासपोर्टची पुरेशी वैधता आणि अर्जाच्या शुल्कासाठी सुमारे ५,००० डॉलर बाजूला, एवढे आजपासून जमवायला घ्यावे. ठाण्याच्या कंपनीचे पत्र बाबांना आणायला सांगू नका. त्यांचा गुडघा दुखतो आहे आणि अशी पत्रे हल्ली मेलवर मिळतात.

आता तुमचे ८० गुण. पत्रावरून मी त्यांची फोड अशी करते: वयाचे ३०, पदवीचे १५, इंग्रजीचे १०, ऑस्ट्रेलियातील शिक्षणाचे ५, तिथल्या अनुभवाचे ५, भारतातील अनुभवाचे ५ आणि अविवाहित असल्याचे १०. यातील इंग्रजी हीच सर्वांत मोकळी जागा आहे. आयईएलटीएसच्या चारही विभागांत ७ असतील तर १० गुण मिळतात आणि चारही विभागांत ८ मिळवले तर २०. वाढदिवसाने जे जाणार आहे, त्याच्या दुप्पट एका परीक्षेने मिळू शकते. तुम्ही लिहिले आहे की लेखनात दोनदा साडेसातवर अडकल्यावर तुम्ही परीक्षेचा नाद सोडलात. तिसऱ्यांदा प्रयत्न करण्याचा कंटाळा मला समजतो, परंतु सर्व विभागांत नव्हे तर केवळ एका विभागात अर्ध्या गुणाने अडलेल्या व्यक्तीने थांबावे, हे मला पटत नाही. चार आठवडे एखाद्या चांगल्या शिक्षकाकडून फक्त लेखन तपासून घ्यावे.

दुसरी जागा तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही, आणि ती आपल्या भाषेची आहे. अनुवादक-दुभाष्यांना मान्यता देणाऱ्या नाटी या ऑस्ट्रेलियन संस्थेच्या सीसीएल या भाषा-परीक्षेत मराठी आहे. इंग्रजी बोलणारी एक व्यक्ती आणि मराठी बोलणारी एक व्यक्ती यांच्यातील दोन संवाद ऐकायचे आणि तुकड्या-तुकड्याने एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या भाषेत सांगायचे, असे तिचे स्वरूप असते. एकूण ९० पैकी ६३ आणि प्रत्येक संवादात ४५ पैकी किमान २९ गुण मिळाले की ईओआयमध्ये ५ गुण जमा होतात. विषय दवाखाना, न्यायालय, विमा, सरकारी मदत, शाळा असे रोजच्या व्यवहारातले असतात. ‘मराठी माझी मातृभाषा, त्यात काय तयारी करायची’ असे म्हणून गेलेले पुष्कळ जण अडखळतात, कारण घरात आपण निम्मे शब्द इंग्रजीच वापरतो आणि ‘जामीन’, ‘भरपाई’, ‘भूल’, ‘थकबाकी’ हे शब्द ऐनवेळी जिभेवर येत नाहीत. तुम्हाला सरावाला घरीच उत्तम माणूस आहे. त्याविषयी शेवटी सांगते.

तिसरी गोष्ट व्हिक्टोरिया राज्याची. राज्याच्या नामांकनाने मिळणाऱ्या व्हिसांपैकी सबक्लास १९० या कायमस्वरूपी व्हिसात ५ आणि ४९१मध्ये १५ गुण वाढतात. ईओआयमध्ये १९०वर खूण केली म्हणजे राज्य आपोआप आपल्याकडे पाहील, असे पुष्कळांना वाटते. व्हिक्टोरियासाठी त्या राज्याच्या पोर्टलवर वेगळी रसनोंदणी, म्हणजे आरओआय, करावी लागते, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही. ती केली नसेल तर या आठवड्यात करा. ४९१विषयी मात्र विचार करून पाऊल टाका. तो पाच वर्षांचा प्रादेशिक व्हिसा आहे. मेलबर्न, सिडनी आणि ब्रिस्बेन सोडून राहावे लागते, म्हणजे तुम्हाला जीलाँग, बॅलरॅट किंवा थेट ॲडलेड, पर्थ अशा ठिकाणी काम शोधावे लागेल. तीन वर्षांनी १९१ या कायमस्वरूपी व्हिसासाठी अर्ज करता येतो, आणि तोवर इतर बहुतेक कायमस्वरूपी कुशल व्हिसांची दारे बंद राहतात. अभियंत्यांना अशा गावांत काम मिळते, त्यामुळे हा मार्ग कमी प्रतीचा मानण्याचे कारण नाही. फक्त लग्नानंतर ऐरोलीच्या त्या मुलाला बॅलरॅटमध्ये काम मिळेल का, हा प्रश्न त्याच्याशी बोलूनच सोडवावा लागेल.

आणि आता, माझ्या मते, तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाच्या वाक्याकडे येते. ते तुम्ही कंसात लिहिले आहे: ‘मॅनेजरला अजून काही बोलले नाही, बरे दिसणार नाही.’

सव्वादोन वर्षे तुम्ही ज्या माणसाच्या हाताखाली काम करता, ज्याने दोनदा पगार वाढवला, त्याला तुमचा व्हिसा जानेवारीत संपतो हे माहीतही नाही. आपल्या घरांत आपण हेच शिकतो की काम चोख करावे, मागू नये, योग्य वेळी दखल घेतली जाते. या शिकवणीचा मला आदर आहे, मीही तीतच वाढले. पण ती अशा ठिकाणी चालते, जिथे समोरच्याला आपली परिस्थिती न सांगता कळते. नौपाड्यात शेजाऱ्याला कळते की यांच्याकडे पाणी आले नाही. मेलबर्नच्या कार्यालयात व्हिसाची तारीख कोणाच्या चेहऱ्यावर दिसत नाही. तुम्ही न बोलण्याला सौजन्य समजता, आणि मॅनेजर कदाचित असे समजत असेल की तुमचे सारे ठीक आहे.

कंपनीमार्फत दोन रस्ते आहेत आणि दोन्हींना निमंत्रणाची फेरी लागत नाही. एक म्हणजे डिसेंबर २०२४मध्ये टीएसएस या जुन्या तात्पुरत्या नोकरी-व्हिसाच्या जागी आलेला सबक्लास ४८२चा स्किल्स इन डिमांड व्हिसा. तो तात्पुरता, कमाल चार वर्षांचा आहे, त्याला किमान एक वर्षाचा अनुभव लागतो आणि पुढे त्यातून कायमस्वरूपी होता येते. दुसरा सबक्लास १८६, त्यातील डायरेक्ट एंट्री. हा थेट कायमस्वरूपी आहे. वय ४५च्या आत, संबंधित कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव, कौशल्य परीक्षणाचा (म्हणजे व्यवसायातील पात्रतेच्या अधिकृत तपासणीचा) अनुकूल निकाल आणि कंपनीचे नामांकन या त्याच्या मुख्य अटी आहेत. ठाण्यातील चार वर्षे आणि तिथली सव्वादोन धरता तुमचा अनुभव पुरेसा आहे आणि ईओआयसाठी तुम्ही कौशल्य परीक्षण आधीच करून घेतलेले आहे. कंपनीला खर्च येतो, हे खरे. १८६साठी प्रशिक्षण निधीची रक्कमच वार्षिक उलाढालीनुसार ३,००० किंवा ५,००० डॉलर असते. ती कंपनीनेच भरायची असते, कर्मचाऱ्याकडून वसूल करणे बेकायदा आहे. ‘पैसे तुम्ही द्या, नामांकन आम्ही करतो’ असे कोणी म्हणाले, तर तिथून उठून यावे. व्हिसासाठी पैशांची अशी देवाणघेवाण त्या देशात बेकायदा आहे, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही.

बोलायचे कसे, याची तुम्हाला चिंता वाटत असणार. विनवणीचा सूर नको आणि निरोपाचाही नको. अर्ध्या तासाची वेळ मागा. व्हिसाची तारीख सांगा, मला इथे काम करत राहायचे आहे हे सांगा, आणि १८६ किंवा ४८२साठी कंपनी नामांकन करते का, केले असल्यास कोणाच्या बाबतीत, आणि मनुष्यबळ विभागात कोणाशी बोलावे, एवढेच विचारा. उत्तर नकारार्थी येऊ शकते. छोट्या कंपन्या या प्रक्रियेला बिचकतात. पण तो नकार तुम्हाला जुलैत मिळाला, तर दुसरी कंपनी शोधायला सहा महिने असतात, आणि जानेवारीत मिळाला तर सहा दिवस. होकार आला तरी ईओआय मागे घेऊ नका. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू शकतात.

लग्नाविषयी तुमचे गणित अर्धेच बरोबर आहे. अविवाहितेला १० गुण मिळतात, हे खरे. पण जोडीदार ४५च्या आतला असेल, त्याचे इंग्रजी किमान ‘कॉम्पिटंट’ पातळीचे असेल, त्याचा व्यवसाय तुमच्या व्यवसायाच्याच कुशल व्यवसायांच्या यादीत असेल आणि त्याचे कौशल्य परीक्षण अनुकूल असेल, तर त्याचेही १०च गुण मिळतात. फक्त इंग्रजीची परीक्षा दिलेली असेल तर ५. म्हणजे लग्नाने १० गुण जातात असे नसून, त्याने काहीच तयारी केली नसेल तर जातात. आयटीत काम करणाऱ्या मुलाने परीक्षणासाठी अर्ज करणे आणि इंग्रजीची परीक्षा देणे ही दोन-तीन महिन्यांची कामे आहेत. ती त्याने आजवर का सुरू केली नाहीत, हा प्रश्न मी अत्यंत सद्भावनेने विचारते. कदाचित तुम्ही त्याला सांगितलेच नसेल, कारण त्यालाही त्रास नको, असे तुम्हाला वाटले असेल. पत्रभर तुम्ही सगळ्यांना त्रासापासून वाचवता आहात, असे मला दिसले. ज्याच्याबरोबर आयुष्य काढायचे, त्याला या कामातला अर्धा वाटा उचलू द्यावा. आणि तो मुळात ठाणे सोडायला मनापासून तयार आहे का, हेही या निमित्ताने स्पष्ट विचारून घ्यावे.

घरच्यांची गुपचूप नोंदणी विवाहाची सूचना मात्र कोणत्याही परिस्थितीत मान्य करू नका. विशेष विवाह कायद्याखाली नोटिशीचे ३० दिवस जातात आणि विवाह नोंदला की तो जगभर विवाहच असतो. कागदावर विवाहित असताना ईओआयमध्ये अविवाहित राहणे म्हणजे खोटी माहिती देणे आहे. ती उघडकीस आली तर अर्ज नाकारला जातोच, शिवाय तीन वर्षे व्हिसावर बंदी येऊ शकते, आणि पुढे जोडीदाराचा अर्ज करताना विवाहाचा दाखला आपण स्वतःच त्यांच्या हाती देतो. घरच्यांचा हेतू वाईट नाही. त्यांना मुलगी मार्गी लागायला हवी आहे. त्यांना एवढेच सांगा की साखरपुड्याने गुण बदलत नाहीत. साखरपुडा करायचा असेल तर तो सप्टेंबरमध्ये, तुम्ही ठाण्यात असताना करता येईल.

हो, सप्टेंबरमध्ये तुम्ही ठाण्यात असावे, असे मला स्पष्टपणे वाटते. देशाबाहेर पडलो तर काही बिघडेल, ही तुमची भीती आज निराधार आहे. ४८५ चालू असेपर्यंत तुम्ही हव्या तितक्या वेळा जाऊन परत येऊ शकता. तुम्ही बाहेर असताना निमंत्रण आले तरी ६० दिवसांतले दहा-पंधरा दिवस गेल्याने काही अडत नाही, कारण अर्ज तुम्ही परत जाऊन करू शकता. प्रवासाची खरी अडचण पुढे येईल. ब्रिजिंग व्हिसा ए लागू झाल्यावर देश सोडला तर तो संपतो आणि परत येता यावे म्हणून आधी ब्रिजिंग व्हिसा बी काढावा लागतो. म्हणजे जो काळ तुम्ही अडकून पडल्याचा समजत होता, तोच सर्वांत मोकळा काळ आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन आठवडे घरातल्या माणसांना फार जड जातात. रात्री दोनदा उठवून बाथरूमपर्यंत न्यायचे, व्यायाम करून घ्यायचा, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत जिना उतरवायचा. तुमची आई एकटी हे करणार आहे. पैसे पाठवून हे काम होत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे, म्हणूनच तुमच्या पत्रात ते चार वेळा आले आहे.

मैत्रिणींनी सुचवलेल्या डिप्लोमाविषयी फार लिहीत नाही. १ जुलै २०२४पासून ४८५धारकांना ऑस्ट्रेलियात राहून विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करता येत नाही, तो बाहेर येऊनच करावा लागतो. शुल्क १ जुलै २०२५पासून २,००० डॉलर झाले आहे, वर अभ्यासक्रमाची फी. पदव्युत्तर पदवीनंतर खालच्या स्तराचा डिप्लोमा का, याचे समाधानकारक कारण तुम्हाला द्यावे लागेल, आणि तुमच्याकडे तसे कारण नाही. त्याचप्रमाणे, बाबांच्या ओळखीतले जे एजंट ‘निमंत्रण काढून देतो’ म्हणतात, त्यांच्याकडे जाऊ नका. निमंत्रण कोणालाही काढून देता येत नाही. सल्ला हवाच असेल तर ओएमएआरए या ऑस्ट्रेलियातील एजंटांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे नोंद असलेल्या मायग्रेशन एजंटचा किंवा तिथल्या वकिलाचा, तासाचे पैसे भरून, घ्यावा. नोंदणी क्रमांक त्यांच्या यादीत स्वतः शोधावा. मुदत लांबवण्यासाठी संरक्षण व्हिसाचा, म्हणजे आश्रय मागणाऱ्यांसाठीच्या व्हिसाचा, खोटा अर्ज टाकून ठेवण्याचा सल्ला काही लोक देतात. खऱ्या संकटात सापडलेल्यांसाठी असलेले ते दार आहे. त्याला हात लावू नये.

आता परतण्याचे बोलू. तुम्ही म्हणता, साडेचार वर्षे पाण्यात जातील. तुमच्या गुणांच्या हिशोबातच पाहा. तिथल्या शिक्षणाचे ५ गुण ठाण्यात आल्याने जात नाहीत. तिथला कामाचा अनुभव निमंत्रणाच्या आधीच्या दहा वर्षांतला असेल तर मोजला जातो. ईओआय दोन वर्षे आणि इंग्रजीचा निकाल तीन वर्षे चालतो. सबक्लास १८९चे निमंत्रण नौपाड्यात बसूनही येऊ शकते. जाते ते ब्रिजिंग व्हिसाचे संरक्षण आणि काही राज्यांकडून तिथे राहणाऱ्यांना मिळणारे प्राधान्य. वयाचे ५ गुण तर तिथे राहूनही जाणारच आहेत. हे नुकसान खरे आहे, मी ते लहान करून सांगत नाही. पण ते मोजता येण्याजोगे नुकसान आहे.

कामाचे म्हणाल, तर तुम्ही भू-तांत्रिक विभागात बोगद्यांच्या तपासण्या करता, असे लिहिले आहे. तुमच्या घरापासून काही मैलांवर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून ठाणे-बोरिवली जोडबोगदा होतो आहे. बुलेट ट्रेनच्या वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा या २१ किलोमीटरच्या बोगद्यापैकी ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून जातात. घोडबंदर रस्त्यावर मेट्रो ४ उभी राहते आहे. पगार डॉलरचा नसेल आणि कर्जाचा हप्ता जड जाईल, याची मला जाणीव आहे. त्यासाठी हप्ता थकण्याच्या आधी बँकेशी मुदत वाढवण्याविषयी बोलावे. आणि एक रक्कम लक्षात ठेवा. तात्पुरता व्हिसा संपून देश सोडल्यावर कंपनीने तुमच्या नावे भरलेली सुपरॲन्युएशन, म्हणजे निवृत्ती निधीची रक्कम, परत मागता येते. साधारणपणे ३५ टक्के कर कापून उरलेली हाती येते. अडीच-पावणेतीन वर्षांची ती रक्कम कर्जाच्या कित्येक हप्त्यांची सोय करील.

राहिला तोंड दाखवण्याचा प्रश्न. बाबांनी कर्जाच्या कागदावर सही केली, तेव्हा पीआर, म्हणजे कायमस्वरूपी व्हिसा, मिळालाच पाहिजे, असे ते म्हणाले होते का? की हे तुम्ही स्वतः त्यात लिहून टाकले? मला ठाऊक नाही, आणि माझा अंदाज आहे की तुम्हालाही नाही, कारण तुम्ही त्यांना जानेवारीविषयी सांगितलेलेच नाही. फोनवर ‘सगळे छान’ म्हणता, असे लिहिले आहे. त्यांनी अपेक्षा केली असेलही. शेजारी विचारतात, नातेवाईक विचारतात, आणि कायमची परत आलेली मुलगी हा गोखले रोडवर भेटणाऱ्या प्रत्येकाच्या चौकशीचा विषय होतो, हे मी ठाण्यातच राहत असल्याने नाकारणार नाही. काही महिने ते टोचेल. पण सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला मुलीची अडचण आधी कळणे आणि ती बॅगा घेऊन दारात उभी राहिल्यावर कळणे, यात फार अंतर आहे. सप्टेंबरमध्ये बाबांच्या पलंगाशेजारी बसून सांगा. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नको, ते घरी येऊन काठीने चार पावले टाकू लागले की सांगा.

आणि स्वतःची एक तारीख ठरवा. मी १५ डिसेंबर सुचवते. तोवर निमंत्रण, राज्याचे नामांकन किंवा कंपनीचे नामांकन यांपैकी काहीच हाती आले नसेल, तर त्या दिवशी परतीची तयारी सुरू करावी. व्हिक्टोरियात भाड्याचे घर सोडण्याची नोटीस २८ दिवस आधी द्यावी लागते, नोकरीचाही नोटिशीचा काळ असतो, सामान पाठवायचे असते. शेवटच्या आठवड्यात येणाऱ्या निमंत्रणाची आशा तुम्ही जरूर ठेवावी, लॅपटॉप आणि कागद जवळ असावेत, पण तिकीट काढलेले असावे. व्हिसा संपल्यावर ‘चार दिवस पाहू’ म्हणून राहणे फार महागात पडते. २८ दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून देश सोडला, तर तात्पुरत्या व्हिसावर तीन वर्षांची बंदी लागू शकते. मुदतीत, स्वच्छ नोंदीने निघालेल्या माणसाला परत जाण्याचा रस्ता खुला राहतो.

या आठवड्यासाठी मात्र तीनच कामे पुरेत. मॅनेजरची वेळ, व्हिक्टोरियाची रसनोंदणी आणि सीसीएल परीक्षेची जागा. चौथे काम आईचे आहे. रोज रात्री तुम्ही तिच्याशी बोलता, त्यातली पंधरा मिनिटे तिने मराठी रुग्ण व्हावे, तुम्ही इंग्रजी डॉक्टर आणि दुभाषी दोन्ही व्हावे. सुरुवात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपासूनच करा. भूल, टाके, सूज, रक्त गोठणे, विम्याची पूर्वमंजुरी हे सारे शब्द सध्या तिच्या रोजच्या बोलण्यात आहेत, आणि तिला जे विचारायचे राहून गेले आहे, तेही त्या पंधरा मिनिटांत ती तुम्हाला विचारील.